माझ्या वजनाचा गूळ

मार्गशीर्ष लागला की गुलटेकडीच्या मार्केट यार्डात नवा गूळ येतो. गूळ तसा बारा महिने मिळतो, पण नव्या गुळाचा वास निराळा. त्यात अजून गुऱ्हाळाची धग असते, थोडा धूर असतो, उसाचा ओलेपणा असतो. भुसार बाजारातल्या त्या गल्लीत वळलं, की स्कूटर थांबायच्या आधी तो नाकात शिरतो. परवा सकाळी मी आणि माझी बायको सुनंदा तिथे गेलो होतो. थंडी मजबूत पडली होती. हमालांच्या पाठीवरून बारदानात गुंडाळलेल्या ढेपा चालल्या होत्या. आमच्या नेहमीच्या व्यापाऱ्यानं फुटलेल्या ढेपेचा एक खडा चवीला म्हणून माझ्या हातावर ठेवला. तो तोंडात विरघळायला लागला आणि मला लाज वाटायला लागली.

नव्या गुळानं माणसाला गाव आठवावं, आई आठवावी, गेला बाजार तोंडाला पाणी तरी सुटावं. माझ्या बाबतीत या सगळ्याच्या आधी लाज येते. ती कुठून येते तेही मला पक्कं ठाऊक आहे. माझ्या साठीच्या हिवाळ्यातून येते.

त्या वर्षी मार्गशीर्षात मला साठ वर्षं पूर्ण होत होती. बँकेतली नोकरीही त्याच सुमारास संपायची होती. सुनंदानं आधीच ठरवून टाकलं होतं, की साठीची शांत करायची आणि त्यात गूळतुला करायची. म्हणजे मोठ्या तराजूच्या एका पारड्यात मला बसवायचं, दुसऱ्यात माझ्या वजनाइतका गूळ ठेवायचा आणि तो दान द्यायचा. कुणाला द्यायचा यावर घरात चर्चा झाली नाही. सदाशिव पेठेत खेड्यापाड्यांतून शिकायला आलेल्या मुलांसाठी एक वसतिगृह आहे. परभणीकडच्या एका गावातून पुण्यात आलेला मी त्याच वसतिगृहात राहून शिकलो. तेव्हा तिथे फक्त मुलगे असत, आता मुलीही असतात.

आलो तेव्हा माझ्या बरगड्या सदऱ्यावरूनही दिसत. वसतिगृहात जेवण साधं होतं, पण हिवाळ्यात जेवणाच्या शेवटी प्रत्येकाच्या ताटात गुळाचा एक खडा पडायचा. अंगठ्याएवढा. मी तो शेवटपर्यंत राखून ठेवायचो आणि पोळीच्या शेवटच्या घासाबरोबर खायचो. आणखी एक मिळावा असं रोज वाटायचं, पण तिथला नियम कडक होता. ताटात पडेल ते संपवायचं, ताटाबाहेरचं मागायचं नाही. कॉलेजात पहिल्या तासाला बोटांना गुळाचा वास येत असे. मी हात नाकाशी धरून बसायचो आणि प्राध्यापकांना वाटायचं, मुलगा विचारात आहे.

पुढे नोकरी लागली, लग्न झालं, सुनंदाच्या हाताला चव होती आणि बँकेतल्या खुर्चीला हात होते. मी सुटत गेलो. सुट्टीत गावी गेलो की आई पाठीवरून हात फिरवून म्हणायची, ‘अंगानं भरलास बाबा. पुणं मानवलं तुला.’ आईच्या लेखी माझं वजन ही माझी कमाई होती. पुण्यात तेच वजन लोक वेगळ्या नजरेनं बघत. बँकेच्या लिफ्टमध्ये माणसं जास्त झाली आणि ती कुरकुरायला लागली, की सगळे माझ्याकडे बघायचे. मी सगळ्यात शेवटी चढलेलो नसलो तरी मीच उतरायचो आणि जिन्यानं जायचो. फोटोत मागच्या रांगेत उभं राहायचं, सदरा कधी खोचायचा नाही, अशी माझी शिस्त ठरून गेली होती. बेढब माणसाला आयुष्यात काय काय सांभाळावं लागतं ते सडपातळ माणसाला कळायचं नाही.

तुलेची बातमी ऐकून सुनंदाचा भाऊ श्रीकांत घरी आला होता. चहात साखर ढवळत तो मला म्हणाला, ‘अनंतराव, कल्पना उत्तम आहे. फक्त यार्डात आधी कळवून ठेवा. त्या दिवशी बाकीच्या गिऱ्हाइकांना गूळ मिळायचा नाही.’ सगळे हसले. मीही हसलो. हसताना माझं पोट हललं आणि ते हलताना मला दिसलं. तेव्हाच माझ्या लक्षात आलं, की तीनशे लोकांसमोर उघड्या अंगानं मला तराजूत बसायचं आहे.

आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात वजनकाट्यावर एक पाटी आहे. ‘चपला काढून उभे राहावे. दोष चपलांचा नसतो.’ मी चपला काढल्या, घड्याळही काढलं. काटा चौऱ्याण्णववर गेला. डॉक्टरांनी तो आकडा कागदावर लिहिला आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

आमची मुलगी मृणाल हिंजवडीला नोकरी करते. तिनं ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर तेव्हाचं सगळ्यात गाजत असलेलं डाएट केलं होतं आणि ती चांगली बारीक झाली होती. एका रविवारी तिनं मला समोर बसवून ते समजावलं. ‘बाबा, फॅट खाऊन फॅट वाढतं हा जुना समज आहे. कार्ब्स बंद करा. पोळी, भात, साखर, गूळ, सगळं. त्याऐवजी हेल्दी फॅट्स घ्या. मग बॉडीला दुसरं काही मिळत नाही आणि ती स्वतःचं फॅट जाळायला लागते.’ ऐकताना मला गंमत वाटली. पंचवीस वर्षं डॉक्टर मला तूप सोडा म्हणून बजावत होते आणि माझी मुलगी मला कॉफीत तूप घालून प्यायला सांगत होती. तूप घालायला मिळणार असेल, तर विज्ञानावर विश्वास ठेवायला माझी ना नव्हती.

गणपती उठेपर्यंत मी मोदक खाऊन घेतले आणि विसर्जनानंतर डाएट सुरू केलं. सकाळी काळ्या कॉफीत दोन चमचे साजूक तूप. दुपारी पनीर, ओलं खोबरं, पालेभाजी, वर तेलाची धार. संध्याकाळी बदाम-अक्रोड. फ्लॉवर किसून त्याचा भात करायचा आणि त्याला भात म्हणायचं. ॲव्होकाडो नावाचं फळ मृणालनं आणून ठेवलं. सुनंदानं त्याची एक फोड खाऊन बघितली आणि सांगितलं, की हे चव नसलेलं लोणी आहे, आणि चव असलेलं लोणी घरात आहे.

अंड्यांचा प्रश्न अवघड होता. आमच्या स्वयंपाकघरात अंडं कधी आलं नव्हतं. सुनंदानं नाही म्हटलं नाही. तिनं बाल्कनीत एक स्टूल ठेवलं, त्यावर विजेची किटली ठेवली, शेजारी एक बशी आणि मिठाची वाटी. मी रोज सकाळी तिथे उभा राहून, तुळशीकडे पाठ करून, दोन उकडलेली अंडी खात असे. चतुर्थीला तर मोठीच पंचाईत. उपासाची साबुदाण्याची खिचडी डाएटला चालायची नाही आणि डाएटचं अंडं उपासाला. त्या दिवशी मी दाण्यांवर आणि दह्यावर राहायचो आणि दोन्ही पुण्यं पदरात पडल्याच्या आनंदात असायचो.

वजन उतरायला लागलं. पहिल्या आठवड्यात तर भराभर उतरलं. मृणालनं सांगितलं, की हे बहुतेक पाणीच असतं, इतकं खूश होऊ नका. मला ते पटलं नाही. मला तो माझ्या मनोनिग्रहाचा विजय वाटत होता.

न्यायानं बोलायचं तर त्या डाएटनं मला खूप काही दिलं. पर्वती मी न थांबता चढायला लागलो. गुडघ्याची कुरकुर थांबली. दुपारची सुस्ती गेली. काठावर आलेली साखर मागे सरली आणि डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. पण जे गेलं तेही सांगायला हवं. तोंडाला एक चमत्कारिक वास यायला लागला, जास्त पिकलेल्या फळासारखा. पहाटे पोटऱ्यांत गोळे यायचे. पोट साफ व्हायचं नाव घेईना, तेव्हा इसबगोल हेच माझं मुख्य अन्न झालं. आणि एक दुष्परिणाम मृणालनंही सांगितला नव्हता. मी दुसऱ्यांच्या ताटात बघायला लागलो. शेजारचा माणूस दुसऱ्यांदा भात वाढून घेत असला, की त्याच्या शरीरात आता काय काय होणार आहे ते मी त्याला सांगायचो. ज्या नजरेनं लोकांनी मला आयुष्यभर बघितलं, तीच नजर मी विकत घेतली होती आणि सगळीकडे लावून फिरत होतो.

कोजागरीला आम्ही एका मित्राच्या गच्चीवर जमलो होतो. सगळ्यांच्या हातात मसाला दुधाचे पेले होते, माझ्या हातात पाणी. कुणीतरी माझ्या सैल झालेल्या पँटचं कौतुक केलं. मी खूश झालो आणि म्हणालो, ‘आमच्या घरात आता एकच जड वस्तू उरली आहे.’ आणि सुनंदाकडे बघितलं. गच्चीवर मोठा हशा झाला. सुनंदाही हसली. हसून झाल्यावर तिनं हातातला अर्धा पेला कठड्यावर ठेवला आणि तो पुन्हा उचलला नाही.

सुनंदा काट्यावर कधी उभी राहत नाही. दवाखान्यात नर्सनं वजन करायला सांगितलं, की ती म्हणते, अंदाजे लिहा. हे मला माहीत होतं. तिच्याशी तीसपेक्षा जास्त वर्षं संसार केल्यावर हे माहीत असणारच. तरी मी ते बोललो. लोक हसले त्यात मला काही वावगं वाटलं नाही, उलट विनोद साधल्याचा आनंद झाला.

त्या दिवाळीत घरात कढई फार कमी वेळा चढली. चकल्या झाल्या त्या पाहुण्यांपुरत्या. अनारशांचं पीठ तिनं केलंच नाही, एकटीसाठी कोण करतं म्हणाली. आमची ताटं वेगळ्या वेळांना व्हायला लागली. मी माझं मोजूनमापून खाऊन उठायचो. मग ती तिची पोळी तव्यावरून काढून ओट्यापाशीच उभी राहून खायची. मी बाल्कनीत पाठ करून खात होतो आणि ती ओट्यापाशी. घराला जेवणाचा वास यायचा बंद झाला होता आणि मला मात्र घर हलकं झाल्यासारखं वाटत होतं.

तुलेच्या आधी सुनंदा आणि श्रीकांत यार्डात जाऊन गूळ सांगून आले. व्यापाऱ्यानं विचारलं, काकांचं वजन किती. तिनं गणपतीच्या आधीचं सांगितलं. मुद्दाम सांगितलं की नवा आकडा तिला माहीत नव्हता, हे मी अजून विचारलेलं नाही. तिथूनच ती वसतिगृहात गेली आणि तिथल्या व्यवस्थापिका देशमुख बाईंना सांगून आली, की या हिवाळ्याचा गूळ आमच्याकडून, तुम्ही आणू नका. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

मंगल कार्यालय घरापासून चालत जाण्याइतकं जवळ होतं. यार्डातून मोठा तराजू आणला होता, त्याच्याबरोबर एक तोलणारही आला होता. लोखंडी तिकाटणं उभं करून त्याला दांडी टांगली होती, दोन्ही बाजूंना साखळ्यांवर फळ्या, त्यांना झेंडूच्या माळा. मी धोतर नेसून, अंगावर उपरणं घेऊन आलो. उपरण्याच्या टोकाशी सुनंदाच्या पदराची गाठ मारलेली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी लोकांसमोर उघड्या अंगानं उभा होतो आणि मला लाज वाटत नव्हती. कार्यालयाच्या आरशात मी दोनदा बघून घेतलं होतं.

आधी सगळ्या ढेपा एका पारड्यात रचल्या. मग मी दुसऱ्यात बसलो. माझं पारडं वरच राहिलं. पाय जमिनीला टेकेनात. लोकांत कुजबुज झाली, मग हशा, मग टाळ्या. तोलणारानं एक ढेप उतरवली आणि भिंतीशी ठेवली. मी वरच. दुसरी उतरवली, पुन्हा टाळ्या. श्रीकांत ओरडला, की शब्द मागे घेतो, इथेच थांबू नका. मी हवेत बसून हात जोडून हसत होतो. इतका मान मला बँकेनं निरोप समारंभातही दिला नव्हता.

मग माझी नजर पहिल्या रांगेत गेली. देशमुख बाई बसल्या होत्या. त्यांच्याबरोबर वसतिगृहातल्या दोन मुली होत्या, गूळ टेम्पोत चढवून न्यायला आलेल्या. बाई टाळ्या वाजवत नव्हत्या. ढेप खाली आली, की त्यांची नजर तिच्याबरोबर भिंतीपर्यंत जायची आणि परत पारड्याकडे यायची. एका मुलीनं त्यांच्या कानाशी काहीतरी विचारलं. त्यांनी मान हलवली, काही नाही म्हणून. त्या मुलीचा चेहरा मला परिचयाचा वाटला. गुळाचा खडा ताटात पडायची वाट बघणारा चेहरा कसा असतो ते मला आरशावाचून माहीत आहे.

सगळं एकदम लक्षात आलं. हिवाळ्याचा गूळ तिथे आधीच ठरवून ठेवलेला असतो, आणि या वर्षी तो आमच्याच भरवशावर असणार. मी पर्वतीवर, बाल्कनीत, कॉफीच्या कपात जे जे वजन उतरवलं होतं, ते या मुलांच्या ताटातून उतरत होतं, आणि लोक त्याला टाळ्या वाजवत होते. दानाला बसलेला मी, दान कमी होत असताना हात जोडून आभार मानत होतो. मी उपरणं पोटावर ओढून घेतलं. गेले काही आठवडे ज्याची लाज गेली होती ते पोट पुन्हा झाकावंसं वाटलं.

तुला साधली तेव्हा भिंतीशी चांगली चळत झाली होती. मी घाईघाईनं म्हणालो, की बाई, त्याही सगळ्या ढेपा तुमच्याच, घेऊन जा. बाई उठून उभ्या राहिल्या आणि अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, ‘नको सर. तुलेतलं आहे तेवढं आम्ही नेतो. वरचं आम्ही घेत नाही. आपल्याला तर नियम माहीतच आहे.’

मला माहीतच होता. तोलणार मला उतरवायला पुढे आला आणि गाठीला हिसका बसला, कारण सुनंदा जागची हलली नव्हती. तिनं त्याला थांबायला सांगितलं आणि गुरुजींना विचारलं, ‘जोडप्याची तुला करता येते ना?’

गुरुजींनी पोथीकडे बघितलं, मग तिच्याकडे बघितलं. पोथीत काय होतं कोण जाणे. ‘हरकत नसावी,’ ते म्हणाले.

नऊवारीच्या निऱ्या एका हातानं सावरत, दुसरा हात माझ्या खांद्यावर टेकून, सुनंदा पारड्यात माझ्या शेजारी येऊन बसली. आमचं पारडं खाली आलं आणि फळी फरशीवर आदळली. तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला असणार. श्रीकांत हसायला लागला आणि कुणीच हसत नाही म्हणून थांबला. दवाखान्यात अंदाजे लिहा म्हणणारी माझी बायको तीनशे लोकांसमोर तराजूत बसली होती आणि समोर बघत होती. मी माझ्या गुडघ्यांकडे बघत होतो. मला कोजागरीची गच्ची आठवत होती, कठड्यावरचा अर्धा पेला आठवत होता. तिलाही तेच आठवत असावं, कारण मला एकट्याला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, ‘जड वस्तू कधीतरी कामाला येते.’

भिंतीशी ठेवलेल्या सगळ्या ढेपा परत चढल्या. तरी आमचं पारडं फरशी सोडेना. श्रीकांतनं समोरच्या वाण्याकडून तांदळाचे कट्टे मागवले, डाळ मागवली, कार्यालयातले नारळ आले. शेवटी थोडंसंच कमी पडत होतं, तेव्हा मृणाल आतून माझी पिशवी घेऊन आली. त्या दिवशीच्या माझ्या वेगळ्या जेवणाची पिशवी. बदाम, अक्रोड, पनीरचा डबा, तुपाची बरणी, दोन ॲव्होकाडो. तिनं ती तशीच्या तशी गुळावर ठेवली आणि पारडी समोरासमोर आली. देशमुख बाईंनी तेव्हा टाळ्या वाजवल्या.

जेवायला गुळाच्या पोळ्या होत्या. माझं डाएट टेम्पोत बसून वसतिगृहाला गेलं होतं, त्यामुळे मी पंगतीत बसलो. शेजारी सुनंदा होती. गणपतीनंतर आम्ही पहिल्यांदाच शेजारी बसून जेवत होतो. पोळीचा पहिला घास घेतला आणि मला रडू आलं. मी तिला काहीतरी म्हणायला लागलो. तिनं माझ्या ताटाकडे बोट केलं. ‘आधी जेवा. आणि तूप घ्या, तुम्हाला चालतं ना.’

त्यानंतर मला बरेच जण विचारतात, की ते डाएट कसं आहे हो, करावं का. मी डॉक्टरांचं उत्तर त्यांना सांगतो. मीही त्यांना हेच विचारलं होतं. ते म्हणाले होते, ‘डाएट उत्तम आहे. जितकी वर्षं जगायचंय तितकी वर्षं करणार असाल, तर जरूर करा.’ मी आणखी काही महिने ते अर्धवट केलं आणि सोडलं. वजन परत आलं. सगळं नाही, पण बरंचसं, आणि आधी पोटावरून उतरलेलं परत येताना नेमकं पोटावरच आलं. मृणाल अजून अधूनमधून ते करते, तिला ते झेपतं, त्यात काही वाईट आहे असं मी म्हणत नाही. चांगल्या तुपाचं भय माझ्या मनातून गेलं हा त्याचाच उपकार. भात कमी झाला तो कमीच राहिला, अक्रोड राहिले, पर्वती राहिली, मधे दोनदा थांबून. किटली आता चहाला वापरतो.

पण खरं सांगायचं, तर मी ते तब्येतीसाठी केलंच नव्हतं. मी ते लाजेपायी केलं. लाजेपायी केलेल्या गोष्टीला तब्येत हे नाव फार सोयीचं पडतं. लाज माझ्या अंगावरून उतरली ती कुठे जाणार होती? ती मी सुनंदाच्या अंगावर टाकली, भात खाणाऱ्या शेजाऱ्यांवर टाकली. शेवटी ती फिरून माझ्याकडेच आली. आता ती पोटाची नाही, इतकाच फरक.

गावाकडे आई वजनाला कमाई म्हणायची ते मला अडाणीपणाचं वाटायचं. बरगड्या दिसणारा मुलगा पुण्याला पाठवलेल्या बाईनं तो मुलगा भरलेला बघितल्यावर दुसरं काय म्हणावं? डॉक्टरांच्या पाटीइतकंच तिचंही बरोबर होतं. हे दोन्ही एकाच वेळी बरोबर असू शकतं, एवढं मला साठीत कळलं.

दर मार्गशीर्षात सुनंदा वसतिगृहाला गूळ देते. तुलेनंतरच्या हिवाळ्यात देशमुख बाईंनी नियम पुढे केला, तेव्हा तिनं त्यांना सांगितलं, की हा वरचा नाही, तुलेतलाच आहे, आम्ही दर वर्षी तुला करतो. आणि खरोखरच करते. यार्डात, व्यापाऱ्याच्या मालाच्या काट्यावर, भर सकाळी, येणाऱ्याजाणाऱ्या हमालांसमोर.

परवाही तेच. मी गुळाचा खडा चघळत लाजत उभा होतो, तोवर ती काट्यावर चढली सुद्धा. चपलांसकट, स्वेटरसकट, हातात पर्स धरून. तिनं आपला आकडा स्वतःच मोठ्यानं वाचला आणि व्यापाऱ्यानं तो मान डोलवून ऐकला. मग माझी पाळी. मी खिशातून किल्ल्या काढायला लागलो, तिनं त्या परत खिशात ठेवायला लावल्या. मागे ढेपांची हातगाडी घेऊन दोन हमाल आम्ही बाजूला व्हायची वाट बघत होते. मी काट्यावर चढलो, समोर भिंतीकडे बघितलं आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं पोट आत ओढून घेतलं. तसं केल्यानं वजनात फरक पडत नाही हे मला समजतं.

सुनंदा आकडा बघायला वाकली होती. ती तशीच वर बघून म्हणाली, ‘पोट सोडा हो. मुलांचा गूळ कमी होतो.’

मी सोडलं.